श्री. वर्कशीटराव यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. वर्कशीटराव झेरॉक्सकर,
मु. पो. बालवर्गाचं दप्तर, ता. फाइल, जि. पालकसभा

विषय : आपल्या अखंड बालसेवेबद्दल आभार आणि त्याच सेवेबद्दल तक्रार

महोदय,

सर्वप्रथम आपलं हार्दिक अभिनंदन. लहान मुलांनी काय शिकावं आणि कसं शिकावं, या प्रश्नावर जगातली शहाणी माणसं दोनशे वर्षं डोकं शिणवत आली. फ्रोबेलने 1837 मध्ये जर्मनीत चिमुकल्यांची शाळा काढली आणि त्यांच्या हाती चेंडू नि लाकडी ठोकळे दिले. मारिया माँटेसरीने 1907 मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह उघडलं आणि मुलांच्या मापाच्या खुर्च्या-टेबलं मांडली. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी चांगली चाललेली वकिली सोडली आणि 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. एवढं करून या मंडळींना काय साधलं? मुलं बोलत राहिली, हलत राहिली, प्रश्न विचारत राहिली. आपण मात्र एका झेरॉक्स यंत्राच्या जोरावर चार वर्षांच्या तीस पोरांना अर्धा तास गप्प बसवून दाखवलंत. हा पराक्रम लहान नाही.

आपला दिनक्रम मी रोज जवळून पाहते. प्रार्थना झाली, हजेरी झाली की आपली स्वारी वर्गात येते. आज स्टँडिंग लाइन, उद्या स्लीपिंग लाइन, परवा स्लँटिंग लाइन, तेरवा कर्व्ह. आपल्या राज्यात रेघा उभ्या राहतात, झोपतात, कलंडतात आणि वळतात. मुलांना यातलं काहीच करायची मुभा नाही. त्यांनी मांडी घालून, तोंडावर बोट ठेवून, ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवायची. पान संपलं की बाई स्टार देतात. हातावर शिक्का हवा असेल तर रेघेबाहेर जायचं नाही.

आपल्या अभ्यासक्रमाचा आवाकाही थक्क करणारा आहे. चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये पंख्याखाली घामाघूम झालेलं पोर ‘आय फॉर इग्लू’ला पांढरा रंग देत असतं. ज्याने याक पाहिलेला नाही आणि झायलोफोन ऐकलेला नाही, त्याला दोन्ही तोंडपाठ. दारातली शेळी, शेजारच्या काकूंचं शिवणयंत्र आणि कोपऱ्यावरचा चांभार मात्र आपल्या यादीत बसत नाहीत. त्यांची आद्याक्षरं गैरसोयीची असावीत. आपल्या आंब्याचा रंग पिवळाच. एखाद्या मुलीने तो हिरवा रंगवला, तर तिने कैरी रंगवली असेल हे आपल्या ध्यानातही येत नाही. कारण आपण तिला ‘हा हिरवा का गं?’ असं कधी विचारतच नाही. विचारायला तोंड लागतं, आणि ऐकायला कान. आपल्याकडे आहे फक्त उत्तरासाठी सोडलेली रिकामी चौकट.

आपले चुलतभाऊ, रेडीमेड क्राफ्टजी, यांनाही नमस्कार सांगा. बाई आदल्या रात्री जागून तीस मेंढ्या कापतात आणि मुलांनी प्रत्येकीवर कापूस चिकटवायचा. एखाद्याची मेंढी वाकडी झाली तर बाई हळूच सरळ करतात. शेवटी भिंतीवर तीस एकसारख्या मेंढ्या लागतात आणि खाली पाटी : ‘आमची सर्जनशीलता’. आपल्या आतेबहीण रेड डे बाईंचं काय सांगावं! त्या दिवशी लाल फ्रॉक, लाल शर्ट आणि डब्यात टोमॅटो. ज्या मुलांना दोन वर्षांची असल्यापासून लाल रंग ओळखता येतो, त्यांना तो ओळखता येतो हे सिद्ध करण्यासाठी आयांनी रात्री दहा वाजता लाल शर्ट शोधायचा.

बराच विचार केल्यावर आपल्या यशाचं मर्म मला सापडलं. पुरावा आपल्याच अंगावर छापलेला आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर सूचना असते, तीही बहुधा इंग्रजीत : मोठ्या हत्तीभोवती गोल करा, सारख्या वस्तूंच्या जोड्या लावा. महोदय, ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, त्याच्यासाठी ही सूचना कोणी लिहिली? ती त्याच्यासाठी नाहीच. ती आईसाठी आहे, मुख्याध्यापिकेसाठी आहे, फाइल चाळणाऱ्या तपासनीसासाठी आहे. आपला जन्मच मोठ्यांसाठी झाला, आणि मुलांना आपण निव्वळ सही करायला लावता. महिनाअखेरीस पालकसभेत फाइल उघडली जाते, पन्नास पानं फडफडतात, फी वसूल झाल्याचं समाधान पसरतं. सकाळभर वाळूत बोगदा खणणाऱ्या आणि तो ढासळल्यावर पाणी शिंपडून पुन्हा खणणाऱ्या मुलाकडे दाखवायला काय असतं? मातकट चड्डी. ती फाइलला लावता येत नाही.

आता तक्रारीकडे वळते. पहिली तक्रार हाताची. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतःच ती हाडं नसतात, कूर्चा असते. एकेक करून ती हाडाची होत जातात आणि शेवटच्या हाडाला आठ ते बारा वर्षांचं वय गाठावं लागतं. म्हणजे साडेतीन वर्षांच्या ज्या हाताकडून आपण चाररेघी वहीत ‘अ’ची शेपटी नेमक्या रेघेला टेकवून घेता, त्या हाताचं बांधकाम अजून चालू आहे. त्या हाताला हवं असतं ते वेगळंच : कणीक मळणं, मटारच्या शेंगा सोलणं, मणी ओवणं, ओलं फडकं पिळणं, माती थापणं, झाडाला लोंबकळणं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत शेंगदाण्याचं साल धरायला शिकलेली बोटं पुढे पेन्सिल बरोबर धरतात. आपण मात्र उलट क्रम लावलात. आधी पेन्सिल, आणि मग हात दुखतो म्हणून रडणाऱ्या मुलाला ‘मन लागत नाही’ असा शेरा.

दुसरी तक्रार आकड्यांची. आपल्या पानावर पाच बदकं असतात आणि मूल 5 भोवती गोल करतं. झालं, संख्याज्ञान पूर्ण! ज्याँ पियाजेने दाखवलेला साधा प्रयोग कोणत्याही बालवर्गात करता येतो. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर बिस्किटांच्या दोन सारख्या रांगा मांडा. मूल सांगेल, दोन्ही सारख्या. आता त्याच्यादेखत एका रांगेतली बिस्किटं लांब-लांब सरकवा. बरीच मुलं ठामपणे सांगतात, या रांगेत जास्त झाली. शंभरापर्यंत घडाघडा म्हणणारं मूलही असं म्हणू शकतं. पाच ही गोष्ट जागेवर अवलंबून नसते, हे पोटात उतरायला पाच वस्तू शेकडो वेळा हातातून जाव्या लागतात : वाटताना, लपवताना, भावंडाशी भांडताना, ताटं मांडताना. छापील बदकं जागची हलत नाहीत, महोदय. ती लांब सरकवता येत नाहीत, वाटता येत नाहीत आणि त्यांच्यावरून भांडताही येत नाही. म्हणून ती काही शिकवतही नाहीत.

तिसरी तक्रार ऐकून आपल्याला थोडा अपमान वाटेल. आपल्या ‘वनस्पतीची वाढ’ या लोकप्रिय पानावर चार चित्रं असतात : बी, कोंब, रोप, झाड. त्यांना 1 ते 4 आकडे द्यायचे. सहा मिनिटांत काम तमाम. आता त्याच विषयावर वाटीभर मटकीने काय होतं ते पाहा.

सोमवारी दुपारी शाळा सुटण्यापूर्वी मुलं एक वाटी मटकी मोजून पातेल्यात घालतात आणि पाणी ओततात. बाई एकच प्रश्न विचारतात : ‘उद्या काय होईल?’ कोणी म्हणतं विरघळेल, कोणी म्हणतं पाणी काळं होईल, एखादा म्हणतो काहीच नाही. बाई कोणालाच चूक म्हणत नाहीत. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या नावासमोर त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहितात, आणि आपण बोललेलं असं उमटतं हे मुलं पहिल्यांदा पाहतात. वाचनाची सुरुवात तिथे होते, महोदय. मंगळवारी तीच मटकी त्याच वाटीत भरायला जावं तर मावत नाही. दुसरी वाटी लागते. ‘बाई, कोणीतरी रात्री अजून टाकली!’ असा आरोप येतो. येऊ द्यावा. मग पातेल्यातलं पाणी कमी झालंय हे कोणाच्या तरी लक्षात येतं आणि वर्गात अशी शांतता पसरते, जी आपल्या अर्ध्या तासाच्या शांततेहून फार निराळी असते.

मटकी फडक्यात बांधली जाते. बुधवारी मोड. एक गाठोडं मुद्दाम कोरडं ठेवलेलं असतं, त्यात काहीच नाही. मग खरी गंमत सुरू होते. भिजलेल्या मटकीतही चार-दोन दाणे तसेच्या तसे टणक निघतात. घरी आजी त्यांना गणंग म्हणते आणि दाताखाली आला की वैतागते. वर्गात मात्र गणंग हा दिवसाचा नायक होतो. हा का फुगला नाही? याला पाणी मिळालं नाही का? याला तहान नव्हती का? याचं साल इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरत नाही, हे सांगायला बाईंना दोन वाक्यं पुरतात. पण त्यांनी घाई केली नाही तर एखादा मुलगा स्वतःच तो दाणा दगडावर घासून पुन्हा पाण्यात टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी धावत येऊन पाहतो. चार वर्षांच्या त्या माणसाने अंदाज बांधला, प्रयोग रचला आणि निकालाची वाट पाहिली. आपल्या पानावर या सगळ्यासाठी चौकट नाही. शेवटी उसळ होते, सगळ्यांना वाटली जाते, वाटताना मोजली जाते आणि कोणाला तिखट लागली यावर चर्चा होते. मोजणं, तुलना, भाषा, विज्ञान, वाटून खाणं. खर्च, एक वाटी मटकी.

यावर आपण म्हणाल, हे सगळं आपोआप झालं, यात शिकवलं काय? तीच तर आपली गोम आहे. आपोआप काही झालं नाही. भिजवण्याआधी मोजायची कल्पना बाईंची. कोरडं गाठोडं ठेवायची युक्ती बाईंची. तीसच्या तीस जणांना एकदम न घेता सात-आठ जणांचा गट पातेल्याशी आणि बाकीचे ठोकळ्यांशी, चित्रांशी, गोष्टीच्या पुस्तकांशी, ही मांडणी बाईंची. ‘मोड कसे आले सांगा पाहू’ असा पाठांतराचा प्रश्न टाळून ‘तुला काय दिसतंय?’ असं विचारणं आणि मग गप्प राहणं, हेही बाईंचं. सगळ्यात अवघड काम ते गप्प राहण्याचंच आहे. मूल विचार करत असताना उत्तर देऊन टाकण्याचा मोह आवरायला वर्षं लागतात. दिवस संपल्यावर कोण काय म्हणालं, कोण आज पहिल्यांदा बोललं, कोणाला पुन्हा संधी द्यायला हवी, हे टिपून ठेवावं लागतं. त्या टिपणावरून उद्याचा दिवस ठरतो. आपल्यासाठी लागतं फक्त यंत्राचं हिरवं बटण.

या देशात आपल्याशिवाय भागतं हे फार पूर्वी सिद्ध झालं आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करत होत्या. दोघांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. माँटेसरीची साधनं उत्तम, पण महाग. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या आणि पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुलांच्या हाती त्यांनी शिंपले, गोटे, बिया, पानं, फुलं दिली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी मुलांना नावं ठेवली नाहीत. शाळाच उचलून पाड्यावर, घराच्या अंगणात नेली. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हटल्यावर कुरणात शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज एकट्या महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्यातल्या एखादीच्या सेविकेकडे आपली प्रत काढायला पैसे नसतात. तिच्याकडे चिंचोके असतात, गाणी असतात, आणि ती मुलांच्या बोलीत बोलते. शेजारच्या इंग्रजी नर्सरीत आपली फाइल जाड होत जाते, ती पाहून आया आपल्या मुलांना तिच्या अंगणवाडीतून काढतात. आपला हा विजय मला सर्वांत जास्त खुपतो.

कागदोपत्री आपण केव्हाच हरला आहात, ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितलेली दिसत नाही. यशपाल समितीने 1993 मध्येच सांगितलं की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त जड असतं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि तिथे खेळातून, कृतीतून शिकावं असं म्हटलं. 2022 मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. 2023 मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या आणि चित्रांचा ‘जादुई पिटारा’ आला. धोरण, आराखडा, पेटी, सगळं आपल्या विरोधात. तरीही आपण शाबूत! कारण पेटीतली बाहुली हरवली तर जबाबदारी बाईंची, म्हणून पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. आपण हरवलात तर दुसरी प्रत निघते.

आपल्या बाजूनेही चार शब्द बोलायला हवेत, नाहीतर हे पत्र एकतर्फी ठरेल. एका बाईंकडे चाळीस मुलं, मदतनीस नाही, पगार घरकामाच्या मावशींइतका, आणि संस्थाचालकांचा आग्रह, की ‘शेजारच्या शाळेत ज्युनिअर केजीतच बेरीज घेतात’. अशा बाईंनी आपला आधार घेतला तर तिला दोष देणारी मी कोण? तिला मुलं सांभाळायची असतात, आणि आपण ती अर्धा तास सांभाळून देता. म्हणून ही तक्रार बाईंविरुद्ध नाही. चाळीस मुलांमागे एक बाई नेमून वर ‘अनुभवाधारित शिक्षण’ अशी पाटी लावणाऱ्यांना मात्र आपल्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागेल.

कागदाशीही वैर नाही. मटकीचा मोड पाहून मुलाने काढलेलं चित्र कागदावरच असतं, आणि त्यात मोड मुलाच्या उंचीएवढा असला तरी चालतो. भेळेच्या दुकानाच्या खेळात दहा रुपयांची चिठ्ठी लिहिणं हेही लेखनच, कारण ती चिठ्ठी कोणाला तरी द्यायची असते. सात-आठ वर्षांच्या मुलाने समजलेलं पक्कं करायला चार उदाहरणं सोडवली तर कोणाचं बिघडत नाही. आधी वस्तू, मग बोलणं, मग चित्र, मग चिन्ह, असा तो रस्ता आहे. त्यात सगळ्यात शेवटी, मागच्या बाकावर, आपल्याला जागा आहे. आपण आल्या-आल्या पहिल्या बाकावर बसलात, तेही चार वर्षांच्या मुलाला उठवून.

तेव्हा निकाल असा : तीन ते सहा वयोगटाच्या हद्दीतून आपल्याला तडीपार करण्यात येत आहे. सहा वर्षांनंतर, बाईंचं लेखी बोलावणं आल्यास, एका वेळी एक पान या मर्यादेत परत येण्याची मुभा राहील. रिकाम्या झालेल्या अर्ध्या तासावर मुलांचा ताबा राहील.

आपली नम्र,
बालवर्गावरची एक बाई

ता. क. (पालकांसाठी) : वर्कशीटराव एकटे तडीपार होणार नाहीत. त्यांना घरी बोलावणारे तुम्ही आहात. पुढच्या पालकसभेत फाइल मागू नका. बाईंना तीन गोष्टी विचारा : माझ्या मुलाने या महिन्यात कोणता प्रश्न विचारला? तो कोणाशी खेळतो? त्याने हाताने काय केलं? बाईंना उत्तर देता आलं, तर शाळा चांगली आहे. देता आलं नाही, तर वर्गात मुलं किती आणि बाई किती हे संस्थाचालकांना विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.